हापूसचा डीएनए रोपवाटिकेत तपासा

मार्च उजाडला की वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्या वाढू लागतात आणि पाठोपाठ जुनीच तक्रार येते: कोकणच्या नावावर भलताच आंबा खपवला जातो. अलीकडे या तक्रारीवर एक झटपट उपाय सुचवला जातो. डीएनए तपासा, दूध का दूध होऊन जाईल. गुन्हेगार शोधायला आणि पितृत्व ठरवायला चालणारी चाचणी आंब्याच्या पेटीला का चालू नये, असा त्यामागचा साधा विचार असतो.

विचार साधा असला तरी मागणी चुकीच्या दारात उभी आहे. डीएनए ठशांचे तंत्र फळझाडांसाठी अत्यंत मोलाचे आहे आणि महाराष्ट्राने ते ताबडतोब वापरात आणले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते पेटीवर वापरायचे नाही. ते वापरायचे कलम बांधले जाते तिथे, म्हणजे रोपवाटिकेतल्या मातृवृक्षावर, ज्या झाडावरून कलमाच्या काड्या घेतात त्यावर. बाजारात फसलेल्या गिऱ्हाइकाचे हजार-दोन हजार जातात. रोपवाटिकेत फसलेल्या शेतकऱ्याची दहा वर्षे जातात, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी पेटीचे पाहू. हापूसचा बाठा पुरला तर हापूस उगवत नाही, रायवळ म्हणजे बीपासून आलेला बिनजातीचा आंबा उगवतो. बाठ्यातल्या कोयीत आईचा निम्मा वारसा असतो आणि उरलेला निम्मा कुठल्या परागाचा, ते त्या माशीलाच ठाऊक. हापूस वाढवायचा तर हापूसचीच काडी घेऊन रायवळच्या खुंटावर, म्हणजे मुळे देणाऱ्या खालच्या रोपावर, बांधावी लागते. पोर्तुगीजांच्या काळापासून काडीवरून काडी, कलमावरून कलम असा हा प्रवास चालू आहे. त्यामुळे देवगडचा हापूस, रत्नागिरीचा हापूस आणि धारवाडकडचा हापूस ही वेगवेगळी भावंडे नाहीत. जनुकांच्या दृष्टीने ते एकच झाड आहे, ठिकठिकाणी वाढलेले. आफ्रिकेत मलावीमध्ये कोकणातून नेलेल्या कलमांच्या बागा आहेत आणि तिथला आंबा नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला उतरतो. त्याचा डीएनए ठसा घेतला तर तो हापूसच निघेल, आणि ते उत्तर बरोबरच असेल.

2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन जागेचे आहे, जातीचे नाही. जांभा दगड, खारे वारे, पावसाळ्यानंतरचा कोरडा उन्हाळा, बागायतदाराचा हात, हे सगळे त्या चवीत असते आणि यातले काहीही डीएनएच्या ठशात उमटत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कोकणातल्याच निरनिराळ्या ठिकाणच्या हापूसच्या सुगंधी द्रव्यांची तुलना केली, तेव्हा दापोली, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या फळांत त्या द्रव्यांची प्रमाणे वेगळी आढळली. जात एक, सुगंधाचा मेळ निराळा. केशरचे उदाहरण याहून बोलके आहे. गीरच्या केशरला वेगळे मानांकन आहे, मराठवाड्याच्या केशरला वेगळे. डीएनए प्रयोगशाळेला दोघांतला फरक विचारला तर ती हात वर करील. वलसाड हापूस किंवा शिवनेरी हापूस अशा नावांवर मानांकन मागितले जाते आणि कोकणातले बागायतदार हरकत घेतात, तो वादही डीएनएने सुटणारा नाही. तो नावाचा आणि लौकिकाचा वाद आहे.

फळ कुठून आले हे सिद्ध करायला वेगळी साधने आहेत. पेटीवरचा क्यूआर कोड, देवगडमध्ये सुरू झालेले फळाफळावरचे क्रमांकाचे स्टिकर, आणि जिथे पैसा असेल तिथे माती-पाण्याची खूण शोधणारी समस्थानिकांची चाचणी. डीएनएकडून हे काम मागणे म्हणजे आधार कार्डावरून माणूस काल कुठे जेवला ते विचारण्यासारखे आहे. हापूस म्हणून दुसरीच जात विकली तर ते डीएनए नक्की पकडेल, पण तेवढे तर जाणते गिऱ्हाईक देठाकडे नाक नेऊनही पकडते.

आता रोपवाटिकेकडे वळू.

हापूसचे कलम लावल्यावर पहिली फळे धरायला पाच-सहा वर्षे जातात. बाग पोटाला लागायला दहा. दहा मीटर बाय दहा मीटरवर हेक्टरी 100 कलमे बसतात. कातळ फोडून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून ते भरायचे, पहिले दोन-तीन उन्हाळे डोक्यावरून किंवा टँकरने पाणी घालायचे, गुरांपासून आणि वणव्यापासून राखायचे. हे सगळे एका नावाच्या भरवशावर, जे नाव रोपवाटिकेतून निघताना पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर असते किंवा नुसते तोंडी सांगितलेले असते. सहाव्या वर्षी मोहोर येतो, फळ धरते, आणि मग कळते की शंभरातल्या काही झाडांना हापूस नाहीच. तोवर रोपवाटिकेची पावती वाळवीने खाल्लेली असते. बाग तोडता येत नाही. झाड मोठे छाटायचे, नव्या फुटीवर पुन्हा काडी बांधायची आणि आणखी तीन-चार वर्षे थांबायचे, एवढाच मार्ग उरतो. ज्याने पन्नाशीत बाग लावली त्याच्यासाठी हा हिशेब किती क्रूर आहे, ते आकड्यांत सांगता येत नाही.

यात प्रत्येक वेळी कोणी लबाडी केलेली असते असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात कलमे बांधण्याची घाई असते. कोय कलमासाठी बाठा रुजून कोंब तांबूस आणि कोवळा असतानाच काडी लागते, आठवडा उलटला की खुंट निघून जातो. काड्या कमी पडतात, शेजारच्या गावातून पोत्यात बांधून येतात, काढणारा मजूर वेगळा, बांधणारा वेगळा. काडी कोणत्या झाडाची हे चार हात फिरल्यावर कोणालाच सांगता येत नाही. कधी वरची काडी जळून जाते आणि जोडाच्या खालून रायवळचा फुटवा जोमाने वर येतो. पिशवीत हिरवेगार रोप दिसते आणि ते हापूस म्हणून विकले जाते. एकदा असे झाड बागेत वाढले आणि त्याच्याच काड्या पुढच्या रोपवाटिकेत गेल्या की चूक गुणाकाराने वाढते.

जाणती माणसे पान ओळखतात, हे खरे. पानाची कड किती लाटदार आहे, नव्या पालवीचा रंग कसा आहे, चुरगळल्यावर वास कसला येतो, यावरून हापूस, पायरी आणि रायवळ वेगळे काढणारे लोक कोकणात आजही भेटतात. त्यांच्या नजरेला मी मानतो. पण अशी नजर गावागणिक एखाद्याकडेच असते आणि नुकसानभरपाई मागायला गेल्यावर ती पुरावा म्हणून उभी राहत नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात नोंदणीकृत वाणाचे लागवड साहित्य सांगितल्याप्रमाणे निघाले नाही तर शेतकऱ्याला भरपाई मागण्याची तरतूद आहे. मागायची तर आधी हे रोप त्या वाणाचे आहे किंवा नाही, हे कागदावर यावे लागते.

विदर्भातला प्रश्न आणखी खोल आहे, कारण तिथे फसवणूक डोळ्यांना दिसतच नाही. नागपुरी संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, जंभेरी या लिंबाच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. वरचे संत्रे तेच असले तरी खालचा खुंट कोणता, यावर बागेचे आयुष्य ठरते. जंभेरी झाडाला जोम देते, पण फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जंतूने मुळे कुजू लागली, खोडातून डिंक वाहू लागला की लवकर मान टाकते. रंगपूर लिंबू तुलनेने तग धरतो. डोळा भरून वरची फूट वाढली की खालची पाने काढून टाकलेली असतात आणि खुंट म्हणजे नुसती एक काडी उरते. शेंदुरजनाघाटसारख्या रोपवाटिकांच्या गावातून कलमे नेणाऱ्या शेतकऱ्याने ती काडी बघून काय ओळखायचे? त्यातही जंभेरीच्या एका बीतून अनेक रोपे निघतात. त्यांतली बहुतेक आईच्या उतीतून आलेली, आईची हुबेहूब नक्कल असतात, तर काही परागीभवनातून आलेली, वेगळ्याच गुणांची. वाफ्यात रोगट, खुरटी, वेडीवाकडी रोपे उपटून टाकण्याची पद्धत आहे, पण जी संकरित असूनही दिसायला सारखी असतात ती सुटतात. बागेत एका ओळीतली चार झाडे डवरलेली आणि पाचवे कायम मागे, असे दिसते तेव्हा आपण खताला किंवा पाण्याला दोष देतो. खुंटाच्या सालीचा एक तुकडा तपासला तर कारण कळू शकते.

ही अडचण फक्त आपलीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या द्राक्ष बागायतदारांनी अल्बारिन्यो ही स्पॅनिश जात समजून बागा लावल्या, तिच्या नावाने वाइन विकली. 2009 मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध झाले की ती द्राक्षे साव्हान्यां नावाच्या दुसऱ्याच जातीची होती. स्पेनमधून जे लागवड साहित्य आले, त्यातच घोळ होता. त्याही आधी, 1994 मध्ये, चिलीतल्या मर्लो म्हणवणाऱ्या बागांत कार्मेनेर मिसळलेली आहे हे एका फ्रेंच तज्ज्ञाने वेल बघून ओळखले आणि पुढे डीएनएने त्यावर शिक्कामोर्तब केले. पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे करणाऱ्या, सरकारी संशोधन संस्था पाठीशी असणाऱ्या देशांची ही गत. त्यांनी त्यातून घेतलेला धडा मला महत्त्वाचा वाटतो. द्राक्षांसाठी जगभर नऊ ठरावीक खुणा मान्य झाल्या आहेत. कुठल्याही देशातल्या प्रयोगशाळेने त्या नऊ जागा वाचल्या की निकाल एकमेकांशी ताडून बघता येतो, आणि जातींच्या ठशांची सूची सगळ्यांना खुली आहे. ब्रिटनमध्ये परसात सफरचंदाचे जुने झाड असलेला कोणीही माणूस शुल्क भरून पान पाठवतो आणि आपल्या झाडाचे नाव विचारतो. हे करायला तो शास्त्रज्ञ असावा लागत नाही.

आंब्यासाठी हे करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. काम कसे होते ते सांगतो, म्हणजे त्याभोवतीचे गूढ कमी होईल. झाडाची कोवळी, तांबूस पालवी घ्यायची. जून पानात चीक, टॅनिन आणि चिकट शर्करा जास्त असतात आणि त्या डीएनएला चिकटून पुढचे काम बिघडवतात. पान जोडाच्या वरच्या फांदीचेच हवे. खालच्या फुटव्याचे पान घेतले तर अहवाल खुंटाचा येतो आणि निर्दोष रोपवाटिकावाला गोत्यात येतो. फळ तपासायचे असेल तर साल किंवा गर घ्यायचा, कारण ते आईच्या झाडाचे असतात. कोय घेतली तर बापाचा वाटा मिसळतो. पान सिलिका जेलच्या पुडीत वाळवले की साध्या पाकिटातून टपालानेही पाठवता येते. प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढून त्यातल्या ठरावीक जागांवरच्या पुनरावृत्ती मोजतात. एका जागेवर दोन झाडे योगायोगाने सारखी निघू शकतात, दहा-बारा जागांवर सारखी निघण्याची शक्यता जवळपास उरत नाही. जो आकड्यांचा संच मिळतो तो त्या जातीचा ठसा. पाच वर्षे वाट बघून फळ जे सांगणार, ते पिशवीतल्या चार पानांच्या रोपावरून कळते.

हा भारतात अगदीच नवा प्रकारही नाही. बासमती तांदूळ युरोपला पाठवताना त्यात दुसरी जात मिसळलेली नाही हे डीएनए चाचणीने दाखवावे लागते, आणि त्यासाठीच्या प्रयोगशाळा आपण उभ्या केल्या. परदेशातल्या गिऱ्हाइकाला शुद्धतेची ही खात्री देणारा देश आपल्याच शेतकऱ्याला कलमाची खात्री देत नाही, हे मला सहन होत नाही. तांदूळ एका हंगामाचा असतो. आंबा नातवंडांपर्यंत जातो.

आता या तंत्राची मर्यादाही बोलली पाहिजे, कारण ती लपवली तर पहिल्याच भांडणात ते बदनाम होईल. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जाती घरोघरी माहीत आहेत. या सगळ्या थॉमसन सीडलेसमधून निघाल्या. वेलीवर एखादी फांदी वेगळी दिसली, मणी लांब झाले, गोडी वाढली, आणि शेतकऱ्याने ती काडी जपून वाढवली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका अशीच निवडली. असा बदल डीएनएतल्या एखाद्याच जागेवर झालेला असू शकतो, आणि दहा-बारा जागा मोजणाऱ्या ठशात तो बहुधा येतच नाही. त्या ठशाला सोनाका आणि थॉमसन एकच दिसतात. म्हणून 'ठसा जुळला, सबब ही नवी जात नाही' असे म्हणायचा अधिकार कोणा अधिकाऱ्याला देता कामा नये. तसे झाले तर शेतकऱ्याच्या नजरेने घडवलेल्या जाती कागदावरून पुसल्या जातील. ठसा वेगळा आला तर जात वेगळी हे ठामपणे म्हणता येते. ठसा सारखा आला तर पुढे वेल बघावी लागते, मणी मोजावे लागतात, दोन हंगाम थांबावे लागते. संपूर्ण जनुकसंच वाचून असे बारीक बदलही शोधता येतात, पण ते रोजच्या तपासणीचे काम नाही.

दुसरी हरकत लहान रोपवाटिकावाल्यांची असेल आणि ती मला रास्त वाटते. परसात वर्षाला काही शे कलमे बांधून पोट भरणाऱ्या माणसावर प्रत्येक रोपाच्या चाचणीचा खर्च लादला तर तो धंदा सोडेल आणि सगळा व्यवहार चार बड्या कंपन्यांच्या हाती जाईल. पण प्रत्येक रोप तपासायची गरजच नाही. तपासायचा तो मातृवृक्ष. एका चांगल्या झाडावरून दरवर्षी शेकडो काड्या निघतात आणि ते झाड पुढे कैक वर्षे काड्या देत राहते. एकदा तपासून त्याला क्रमांक दिला की तो खर्च हजारो कलमांवर पसरतो, दर कलमी नगण्य उरतो. पहिल्या तपासणीचा भार राज्याने उचलावा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून आणि रोजगार हमीतून सरकार फळबागांवर पैसा खर्च करतेच. ज्या कलमावर सरकारी अनुदान जाते त्याची जात कोणती हे तपासणे हा वायफळ खर्च कसा म्हणायचा?

त्यापुढे अचानक नमुने घेणे पुरेल. बाजारात नेलेल्या कलमांतून हवी ती दहा पाने उचलायची आणि मातृवृक्षाच्या ठशाशी ताडायची. प्रामाणिक रोपवाटिकावाल्याला याची भीती नाही. उलट आज तो आणि शेजारी रस्त्यावर गाडी लावून काहीही विकणारा, दोघे एकाच दराला बांधलेले आहेत. चाचणीने त्याच्या कलमाला भाव येईल.

नव्या जाती घडवण्यातही या तंत्राचा मोठा उपयोग आहे, पण इथे उत्साहाला थोडा लगाम हवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये रत्ना दिली, रत्ना आणि हापूसच्या संकरातून 1992 मध्ये सिंधू. रत्नात हापूसला छळणारा साका, म्हणजे गराचा आतून बिघडलेला पांढरट भाग, नाही, सिंधूचा बाठा कागदासारखा पातळ. या दोन नावांमागे किती वर्षांची मेहनत आहे, ते आंब्याचा संकर करताना पाहिल्याशिवाय कळत नाही. एका मोहोरात हजारो फुले, त्यांतली बरीच नुसती नर. उभयलिंगी फूल शोधायचे, त्याचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, पराग लावायचा, पिशवी बांधायची, आणि शंभर फुलांमागे एखादेही फळ हाती लागेल याची शाश्वती नाही. त्या फळातून एकच कोय, एकच रोप. ते रोप खरोखर ठरवलेल्या आई-बापाचेच आहे की मध्येच कुठला पराग शिरला, हे पूर्वी कळायला मार्गच नव्हता. सात-आठ वर्षे ते वाढवायचे आणि मग फळ बघायचे. आता रोप वीतभर असतानाच कळते आणि जमीन, पाणी, वर्षे वाचतात. इतकेच काय, परागीभवन माशांवर सोडून नंतर डीएनएवरून बाप शोधता येतो.

कागदावरच्या वंशावळीवर विसंबून चालत नाही याचा दाखला अमेरिकेतल्या हनीक्रिस्प सफरचंदाने दिला आहे. मिनेसोटा विद्यापीठाची ही अतिशय गाजलेली जात. विद्यापीठाच्या दप्तरात तिचे आई-बाप म्हणून जी दोन नावे होती, ती दोन्ही डीएनए चाचणीत चुकीची ठरली. खरा एक पालक कीपसेक निघाला, आणि दुसरा, 2017 च्या अभ्यासात सापडलेला, कधी बाजारात न आलेला आणि केवळ क्रमांकाने ओळखला जाणारा वाण होता. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात असे होते तर आपल्या संशोधन केंद्रांतल्या जुन्या नोंदवह्याही एकदा ताडून बघायला काय हरकत आहे? यात कोणाची नाचक्की नाही. पुढचा संकर करणाऱ्याला खरी वंशावळ हाती मिळेल.

लगाम कशासाठी म्हणतो, तर ठसा ओळख सांगतो, गुण सांगत नाही. साका, टिकाऊपणा, दरवर्षी फळ धरण्याची सवय, सुगंध, हे गुण अनेक जनुकांच्या आणि हवामानाच्या संगनमताने ठरतात. 2020 मध्ये हापूसचा सुमारे 40 कोटी अक्षरांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि त्यात पुढाकार चीनमधल्या शास्त्रज्ञांचा होता. भारतीय शास्त्रज्ञांनी आम्रपालीवर काम केले आहे. पण जनुकसंच वाचला म्हणजे साका नसलेला हापूस उद्या हातात येईल, असे शेतकऱ्याला सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यासाठी बागांतली झाडे वर्षानुवर्षे मोजावी लागतील आणि ते काम प्रयोगशाळेत होत नाही.

आणि मोजायला झाडे शिल्लक हवीत. कोकणात, गोव्यात, देशावर बांधाबांधाला रायवळ आंबे उभे आहेत. प्रत्येक झाड बीपासून आलेले, म्हणून प्रत्येकाचा ठसा वेगळा. कुणाचा आंबा रसाला, कुणाचा लोणच्याला, कुणाचे झाड एक वर्षही चुकत नाही, कुणाला करपा शिवत नाही. रस्ता रुंद करताना, घर बांधताना, लाकडाच्या वखारीला देताना ती पडतात आणि त्यांच्यासोबत तो एकमेव वारसा कायमचा जातो, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. गोव्याच्या मानकुरादला 2023 मध्ये मानांकन मिळाले. पण मानकुराद म्हणून जी झाडे आहेत त्यांत किती प्रकार दडले आहेत, हे गोव्यातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, तो चार नावे सांगेल. ही झाडे ठशासह, गावासह, मालकाच्या नावासह नोंदवली गेली पाहिजेत.

मालकाचे नाव मी मुद्दाम म्हणतो. नुसता ठसा घेऊन गेलेल्या प्रयोगशाळेने किंवा कंपनीने उद्या त्याच झाडावरून नवी जात काढली तर शेतकऱ्याला काय मिळणार, हे आधी ठरले पाहिजे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या तांबड्या गऱ्यांच्या फणसाला बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने 'सिद्दू' हे नाव दिले, कलमे तयार केली आणि विक्रीतला 75 टक्के वाटा त्या शेतकऱ्याला देण्याचा करार केला. ते झाड त्या घराण्याने राखले होते आणि त्याचे मोल त्या घराला मिळाले. सिंधुदुर्गातल्या काप्या फणसाच्या आणि रायवळ आंब्याच्या मालकाला हाच हक्क मिळायला हवा. ठशांची सूची सर्वांना खुली, आणि त्या सूचीवरून पैसा कमावणाऱ्यावर वाटा देण्याचे बंधन, या दोन गोष्टी बरोबरच आल्या पाहिजेत.

हे सगळे आत्ताच म्हणण्याचे कारण आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्वच्छ रोप कार्यक्रमाला मंजुरी दिली, 1,765.67 कोटी रुपयांचा. देशात नऊ केंद्रे व्हायची आहेत. त्यांतली तीन महाराष्ट्रात जाहीर झाली आहेत: द्राक्षांसाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर, डाळिंबासाठी सोलापूर. कार्यक्रमाचा भर विषाणूमुक्त रोपांवर आहे आणि तो योग्यच आहे. विषाणू शोधायला जे पान घेतात, जी यंत्रे वापरतात, त्यांतली बरीच जातीची ओळख पटवायलाही लागतात. मग रोप निरोगी आहे एवढेच का सांगायचे? ते कोणाचे आहे, वरचे कोणाचे आणि खुंट कोणाचा, हेही त्याच दाखल्यावर यायला हवे. केंद्रे अजून उभी राहत आहेत, नियम लिहिले जात आहेत, तोवर हे त्यात घालणे सोपे आहे. कोकणच्या आंब्याला यात केंद्र नाही, तर राज्याने दापोलीत ती सोय करावी. तिथे झाडेही आहेत आणि ती ओळखणारी माणसेही.

कायदाही नव्याने करायला नको. महाराष्ट्रात फळ रोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे, परवाने त्याच्याखाली दिले जातात. त्याच्या नियमांत एवढी भर पडावी की परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना मातृवृक्षांचे डीएनए ठसे दाखल असावेत, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कलमाच्या पावतीवर त्याच्या मातृवृक्षाचा क्रमांक छापलेला असावा. पाच जिल्ह्यांतल्या बागायतदार संघांनी पुढच्या हंगामात नकली पेट्यांविरुद्ध निवेदन द्यायला जाताना ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहावी.